गायी-म्हशींतील क्षय : त्वचा चाचणीला रक्तचाचणीची जोड

दिवाळीच्या सुमारास दुभत्या जनावरांची खरेदी वाढते. बाजारातून आणलेले जनावर थेट दावणीला बांधू नका. मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या क्षयाच्या जिवाणूची बाधा झालेली गाय कित्येक महिने धडधाकट दिसते, दूधही देते. ती खोकू लागेपर्यंत शेजारच्या जनावरांना लागण झालेली असू शकते.

त्वचा चाचणी : मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन (क्षयाच्या जिवाणूंपासून काढलेला प्रथिनांचा अर्क) टोचून 72 तासांनी जाडी मोजतात. मात्र नुकत्याच व्यालेल्या किंवा रोग फार बळावलेल्या जनावराला बाधा असूनही कधी कधी सूज येत नाही. त्यामुळे पशुवैद्यकांना विण्याची तारीख आधीच सांगा. फेरचाचणीआधी किमान 42 दिवस जाऊ द्यावे लागतात.

गॅमा इंटरफेरॉन रक्तचाचणी : ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकाअखेर विकसित झालेल्या या चाचणीत रक्त प्रयोगशाळेत ट्युबरक्युलिनसोबत रात्रभर ठेवतात. बाधित जनावराच्या रक्तपेशी गॅमा इंटरफेरॉन नावाचे प्रथिन सोडतात. ते मोजले जाते. लागण लवकर कळते आणि जनावर एकदाच धरावे लागते. यासाठी पेशी जिवंत हव्यात. म्हणून हेपरिनच्या नळीतले हे रक्त बर्फात ठेवू नये. ते उन्हापासून जपून त्याच दिवशी पोहोचेल अशी सोय आधी करा.

कधी कधी निरोगी जनावरही या चाचणीत बाधित ठरते, कारण ट्युबरक्युलिनमधली अनेक प्रथिने इतर निरुपद्रवी जिवाणूंतही असतात. म्हणून संशोधकांनी ईसॅट-6, सीएफपी-10 अशी निवडक प्रथिने वापरायला सुरुवात केली. ती क्षयाच्या बीसीजी लशीत नसल्याने लस दिलेले आणि बाधित जनावर वेगळे ओळखता येते. प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी मुख्यतः जुनी, बळावलेली बाधा पकडते. म्हणजे कातडीवर सूज न येणारी काही जनावरे तिच्यात सापडतात. कोणती चाचणी कधी करायची, हे कळपाचा इतिहास पाहून पशुवैद्यकांनाच ठरवू द्या.

आता काय करावे
- नवे जनावर चाचणीचा निकाल येईपर्यंत वेगळे बांधा. पाण्याची बादली व गव्हाणही वेगळी ठेवा.
- बाधित जनावर विकू नका, त्याच्यावर औषधोपचारही करत बसू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि बाकीच्या कळपाची तपासणी करून घ्या.
- बाधित गायीचे दूध वासरांना पाजू नका.
- घरात दूध नेहमी उकळूनच प्या. गोठ्यात काम करणाऱ्या कुणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर त्याची थुंकी तपासून घ्या. माणसाकडूनही जनावराला क्षय होऊ शकतो.