वातानुकूलन यंत्र केव्हा बदलावे?

कोलकात्याच्या ईशान्येस न्यू टाउन नावाचे नियोजित नगर आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘हिडको’ या शासकीय महामंडळाने ते वसविले. नोकरीनिमित्त देशाच्या अनेक भागांतील कुटुंबे तेथील उंच इमारतींत राहतात. पहिल्या रहिवाशांनी बसविलेली वातानुकूलन यंत्रे आता जुनी झाली आहेत. ती दुरुस्त करावीत की बदलावीत, हा प्रश्न तेथे घरोघरी पडतो. आणि तो बहुधा नको त्या वेळी, म्हणजे वैशाखात पडतो. ३० एप्रिल २०२४ रोजी कोलकात्यात पारा ४३ अंश सेल्सिअसवर गेला होता. अशा दिवशी यंत्र बंद पडले आणि घरात वृद्ध माणूस किंवा तान्हे मूल असले, की विचार करण्यास सवड उरत नाही. दुकानदार जे दाखवील ते घ्यावे लागते.

म्हणून यंत्राची लक्षणे आधीच ओळखावीत. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ असे पुष्कळ लोक सहज सांगतात. वास्तविक यंत्रातील गॅस, म्हणजे शीतक द्रव्य, पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तेच द्रव्य पुन्हा पुन्हा फिरते. ते कमी झाले याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. सांधा गळत असेल तर दुरुस्ती स्वस्तात होते. मात्र आतील गुंडाळी जागोजागी गंजली असेल किंवा कॉम्प्रेसर निकामी झाला असेल, तर हिशेब मांडावा.

समजा, जुने यंत्र वर्षाला १,४०० युनिट वीज घेते आणि नवे ८०० युनिट घेईल. बचत ६०० युनिटांची झाली. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला ४,८०० रुपये वाचतील. नव्या यंत्रास ४२,००० रुपये पडत असतील, तर केवळ विजेच्या बचतीतून ती रक्कम भरून निघण्यास पावणेनऊ वर्षे लागतील. तेव्हा चांगले चालणारे यंत्र वीजबिलाच्या धास्तीने काढून टाकणे शहाणपणाचे नाही, मग जाहिराती काहीही सांगोत. परंतु त्याच जुन्या यंत्राच्या दुरुस्तीस १५,००० रुपये लागणार असतील, तर खरा फरक २७,००० रुपयांचाच उरतो व तो साडेपाच वर्षांहून थोड्या अधिक काळात भरून निघतो. बारा वर्षांचे यंत्र दुरुस्तीनंतर तितकी वर्षे टिकेल काय, एवढेच मग पाहावयाचे.

आता निवडीविषयी. यंत्राची क्षमता ‘टन’ या मापात सांगतात. हे यंत्राचे वजन नव्हे. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकण्याची ही शक्ती आहे. ‘मोठे यंत्र घेतले म्हणजे सुख अधिक’ हा समज न्यू टाउनसारख्या दमट हवेच्या गावी विशेष फसवा ठरतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटपट थंड करून थांबते, आणि हवेतील बाष्पाचे पाणी करून ते बाहेर काढण्यास त्यास वेळच मिळत नाही. खोली थंड पण चिकट राहते. इन्व्हर्टर यंत्राचा वेग गरजेनुसार कमी होतो, म्हणून हा दोष त्यात कमी असतो. तथापि तो नाहीसा होत नाही. खोलीचे क्षेत्रफळ, पश्चिमेची भिंत आणि वरच्या मजल्याचे तापणारे छत पाहूनच टन ठरवावेत. जुने दीड टनाचे होते म्हणून नवेही तेवढेच, असे करू नये.

लेबलावरील तारे मोजताना वर्षही वाचावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे निकष वेळोवेळी कडक होतात. ज्या स्प्लिट यंत्राची हंगामी कार्यक्षमता ४.६ होती त्यास २०१८ च्या निकषांनुसार पाच तारे मिळत. जुलै २०२२ पासून त्यास चारच मिळू लागले. लेबलावरील वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. आपला वापर अधिक असेल, तर त्या प्रमाणात आकडा वाढवून घ्यावा.

जुन्या यंत्रात आर-२२ हा गॅस असेल तर तोही बदलाच्या बाजूचा एक मुद्दा आहे. तो ओझोनच्या थरास अपायकारक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचा वापर टप्प्याटप्प्याने संपविला जात आहे. नव्या यंत्रांतील आर-३२ गॅसचा दाब पुष्कळ अधिक असतो आणि त्यास लागणारे तेलही वेगळे. त्यामुळे भिंतीतील जुन्याच नळ्या वापरण्याचा आग्रह धरू नये.

खरेदीस माझ्या मते फेब्रुवारीचा उत्तरार्ध सर्वांत बरा. डिसेंबरात घेतलेले यंत्र नुसते भिंतीवर राहते, त्याची हमी मात्र सरत असते. एप्रिलमध्ये कारागीर घाईत असतात. नळ्यांतील हवा निर्वात पंपाने काढण्याचे काम तेव्हा हमखास आटोपते घेतले जाते. फेब्रुवारीअखेर दुपारी ऊन तापू लागते, त्यामुळे यंत्र चालवून पाहता येते व दोष निघालाच तर चैत्रापूर्वी तो दूर होतो. जुने यंत्र भंगारवाल्यास न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. तांब्यासाठी नळी कापली की आतील गॅस थेट हवेत जातो.

पाठगत प्रश्न
१. दरवर्षी गॅस भरावा लागणे हे कशाचे लक्षण आहे?
२. दमट हवेत गरजेपेक्षा मोठे यंत्र का घेऊ नये?
३. विजेचा दर युनिटला १० रुपये असेल, तर पाठातील दोन्ही उदाहरणांत रक्कम किती वर्षांत भरून निघेल?