फवारणी व फवारणाऱ्याचे आरोग्य

मालवण, देवगड, वेंगुर्ले या भागात आंब्यास मोहोर आला की तुडतुड्यांच्या बंदोबस्तासाठी फवारणी सुरू होते. झाडास जपणारा बागायतदार स्वतःच्या व गड्याच्या शरीरास मात्र क्वचितच जपतो. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. आपल्याकडे तर उंच झाडाखाली उभे राहून वर फवारावे लागते. तुषार तोंडावर व अंगावरच पडतात.

विष केवळ पोटातून भिनते, हा समज चुकीचा आहे. ते श्वासावाटे व त्वचेतूनही शरीरात जाते. घामाने व औषधाने भिजलेला सदरा अंगावर राहिल्यास धोका वाढतो. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील औषधे मज्जातंतूंचे कार्य बिघडवितात. डोके दुखणे, मळमळणे, अतिशय घाम व लाळ सुटणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, दम लागणे ही त्याची लक्षणे होत.

म्हणून पुढील दक्षता घ्यावी :

१. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, चष्मा व योग्य मुखवटा वापरावा.

२. वाऱ्याकडे पाठ ठेवावी. वारा जोराचा असल्यास काम थांबवावे.

३. औषध हाताने ढवळू नये. तुंबलेली तोटी तोंडाने फुंकू नये.

४. काम संपताच साबणाने स्नान करावे.

लक्षणे दिसताच रोग्याचे कपडे उतरवून अंग धुवावे व त्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी डॉक्टरांस अवश्य दाखवावी. योग्य उतारा ठरविण्यास त्याची मदत होते.