हाडातून ऐकूया : कानामागच्या छोट्या स्क्रूची गोष्ट



आधी एक प्रयोग करा. दोन्ही कानांत बोटे घाला आणि ओठ मिटून ‘म्ऽऽ’ म्हणा. आवाज उलट मोठाच वाटला ना? तो डोक्याच्या हाडातून थेट आतल्या कानात पोहोचला.

डोंबिवलीत माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या एका कानाचे भोक जन्मापासूनच बंद. आई केस त्यावरून विंचरायची. मला माहीतच नव्हते! ‘लक्ष नसतं हिचं,’ असे मीच म्हणत राहिले.

अशा मुलांचा आतला कान पुष्कळदा चांगला असतो, फक्त वाट बंद असते. मग आवाज हाडातून पाठवता येतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे 1977 मध्ये रुग्णांच्या कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून ही पद्धत सुरू झाली.

ऑपरेशन कसे करतात?

1. पाच वर्षांपर्यंत : कवटीचे हाड पातळ असते, म्हणून सहसा ऑपरेशन करत नाहीत. डोक्याला मऊ पट्टा बांधून त्यावर यंत्र लावतात. पण भाषा याच वयात येते, म्हणून पट्ट्याला उशीर नको.
2. एका टप्प्यात : हाड पुरेसे जाड असेल तर 3 ते 4 मिलिमीटरचा स्क्रू आणि त्वचेबाहेर येणारी खुंटी एकदमच बसवतात.
3. दोन टप्प्यांत : लहान मुलांत आधी स्क्रू बसवून त्वचा शिवतात. हाड स्क्रूला घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबतात, मग खुंटी जोडतात.
4. चुंबकाची पद्धत : चुंबक त्वचेखाली राहतो, त्वचेबाहेर खुंटी येत नाही. मात्र एमआरआय करायच्या आधी डॉक्टरांना हे सांगायलाच हवे.

खुंटी असेल तर भोवतालची त्वचा रोज स्वच्छ ठेवा. लाली किंवा पाणी दिसले की लगेच डॉक्टरांना दाखवा. खेळताना यंत्र काढून ठेवा, डोक्याला मार लागू देऊ नका.

आपण काय करायचे?

पालकांनो, कान केसांनी झाकू नका, तपासून घ्या. वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत श्रवणतपासणी होते. ठाणे-कल्याणहून दादरला गाडी बदलली की पोहोचता येते. कोणती पद्धत योग्य, ते कान-नाक-घसा तज्ज्ञच ठरवतील.

शिक्षकांनो, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले की अशा मुलाचे नाव जरूर सांगा. चांगला कान तुमच्याकडे येईल असे त्याला पुढे बसवा आणि फळ्याकडे तोंड करून शिकवू नका.

‘लक्ष नाही’ असा शेरा लिहिण्याआधी एकदा विचारा, बाळा, ऐकू येतंय ना?