उचलीच्या पैशातल्या कॅप्सूल

अगं, थकवा जावा म्हणून तू अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल घेतल्यास, त्याही ऊसतोडीला कारखान्यावर निघायच्या तोंडावर, मुकादमानं आगाऊ दिलेल्या उचलीच्या पैशातून! आईनं सांगितलं तेव्हापासून डोक्यात तेच आहे. फोनवर तुझी नेहमीची घाई, म्हणून निवांत लिहितेय. मेडिकलवाल्यानं तुला अगदीच खोटं सांगितलं नाही. अर्धं खरं सांगितलं.

खरं अर्धं आधी ऐक. रसवंतीवर चरकात उसाबरोबर लिंबू घालतात ना? नुसता रस थोडा वेळ ठेवला तरी काळपट पडतो. हवेतला प्राणवायू लागतो त्याला. लिंबानं ते लांबतं. आपल्या अंगातही प्राणवायू वापरला जाताना काही उपद्रवी कण तयार होतात, फ्री रॅडिकल म्हणतात त्यांना. ते वाढले की पेशींची नासधूस करतात. त्यांना आवरायची सोय शरीरानं स्वतःच केलेली असते. तिला जस्त, तांबं, सेलेनियम लागतं, शिवाय क आणि ई जीवनसत्त्व. लागतं ते इतकं थोडं की चिमूट म्हटलं तरी जास्त होईल.

मग कॅप्सूलमधून भरपूर घेतलं तर चांगलंच की, असं तुला वाटणार. मोठमोठ्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं. फिनलंडमध्ये सिगारेटी ओढणाऱ्या 29,133 पुरुषांवर हे करून पाहिलं. त्यातल्या काहींना रोज बीटा कॅरोटीनची गोळी दिली, गाजराला रंग येतो ना, ते द्रव्य. फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. 1994 मध्ये निकाल आला, तर गोळीवाल्यांत कॅन्सर 18 टक्के जास्त! अमेरिकेतला असाच एक प्रयोग 1996 मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. गाजर खाऊन कुणाचं असं झालेलं नाही. जे ताटात गुणाचं, ते गोळीत ठासून भरलं की गुणाचंच राहील असं नसतं. क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं, म्हणजे पैसे मोरीत. पण अ जीवनसत्त्व अंगात साठून राहतं, आणि दिवस गेलेले असताना ते जास्त झालं तर पोटातल्या बाळाला अपाय होतो. तुझ्या डब्यावर काय काय लिहिलंय ते नर्सबाईंना दाखव.

आणि थकव्याचं म्हणशील, तर पहाटे उठून भाकरी थापायच्या, दिवसभर फडात मोळ्या उचलायच्या, रात्री गाडी आली की पुन्हा भरायला उभं राहायचं. न थकून सांगतेस कुणाला! तरी रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन कमी निघालं तर लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आपल्या जिल्ह्यात बाईचा अशक्तपणा म्हणजे कुणाच्या तरी धंद्याची सोय झालीय, म्हणून मला भीती वाटते. कुणी डबा विकतं, कुणी गर्भपिशवी काढायला सांगतं. 2019 मध्ये आपल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं एवढं गाजलं की सरकारला नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तुला कुणी असं काही सुचवलं तर आधी मला फोन कर, मग सही.

आता खायचं. बाजरी, तीळ, शेंगदाणे तू नेतेसच. जस्त त्यातून मिळतं. मटकी मोड आणून खाल्लीस तर तिच्यातलं जस्त अंगी जास्त लागतं. करडईचं तेल मिळालं तर सोडू नकोस, ई जीवनसत्त्वाला त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. फडाच्या बांधावर तांदुळजा उगवलेला दिसला तर खुडून आण, पण फवारणी झालेली नाही ना ते विचारून. भाजी आधी धू, मग चीर, आणि उकडलेलं पाणी फेकू नकोस, क जीवनसत्त्व त्यातच उतरतं. वरून तेलाची फोडणी हवीच, तेलाशिवाय कॅरोटीन अंगी लागत नाही. ताटात लिंबाची फोड पिळ. भाकरी-भाजीतलं लोह त्यानं चांगलं लागतं. जेवणावर लगेच चहा घेतलास की उलटं होतं. तिथल्या झोपडीत लिंबं आठवडाभर सहज टिकतात. थंडीत आवळा आणि पेरू आहेतच, पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क असतं. आपलं सीताफळही गुणाचं, पण ऐन भरात येतं तेव्हा तुमची निघायची गडबड. भौगोलिक मानांकन मिळालेलं आपल्या बीडचं सीताफळ पुण्या-मुंबईचे लोक खातात नि आपण टोपल्या भरतो, असो.

बाळाचं मात्र विसरू नकोस. त्याला अ जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यात मिळाला, नंतरचा दीड वर्षाचा असताना. पुढचे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचा होईपर्यंत. एकूण नऊ. तुमचा हंगामही जवळपास सहा महिन्यांचा, म्हणून एक डोस हमखास तिकडे चुकतो. कार्ड पेटीच्या तळाशी टाकू नको, वर ठेव. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवलंस की तिथंही देतात. ही सरकारी मात्रा मोजूनमापून दिलेली असते, तिला कॅप्सूलच्या रांगेत बसवू नकोस. जुलाब लागले तर ओआरएसबरोबर झिंकची गोळी, रोज एक, 14 दिवस. दोन दिवसांत थांबले तरी पुरे 14.

राहिली तुझी मिश्री. नाव काढलं की फोन ठेवतेस, म्हणून तर लिहून पाठवतेय. भूक मरते, झोप जाते, कबूल. पण तंबाखू ती तंबाखूच. अंगातले उपद्रवी कण ती वाढवते, तोंडाचा कॅन्सर देते, गरोदरपणी बाळ वजनाला कमी भरतं. एकीकडे कॅप्सूल गिळायची नि दुसरीकडे दातांना मिश्री घासायची, याला काय म्हणावं? सकाळची राहू दे हवं तर, एकदम नाही सुटायची. रात्रीची आधी बंद कर. तिकडे गेल्यावर जोडीदारणी पुढे करतील डबी, त्यांना सांग, ताईची शपथ आहे.