कवठ लावू या



कवठाला इंग्रजीत 'वुड ॲपल' म्हणतात. हे नाव वाचून एका छात्राने मला विचारले, "सर, म्हणजे हे रानटी सफरचंद का?"

नाही. खरे रानटी सफरचंद कझाकस्तानच्या बाजूला तिएनशान पर्वतात वाढते. त्याचे शास्त्रीय नाव मॅलस सिव्हर्सी. आपल्या बाजारातल्या सफरचंदाचा तो मुख्य पूर्वज. ते गुलाबाच्या कुळातले. हिवाळाभर कडक थंडी मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट फुटत नाहीत. तंजावरात ती थंडी कुठून आणणार?

कवठ मात्र लिंबाच्या कुळातले. शास्त्रीय नाव लिमोनिया ॲसिडिसिमा. पान चुरगळून हुंगा, नाते लगेच कळेल. ऊन, कोरडा उन्हाळा आणि नंतरचा पाऊस हे सारे त्याला मानवते. जमीन ओळखून झाड निवडावे, हा आजचा पहिला धडा.

ओळख

झाड साधारण 9 मीटर उंच होते. फांद्यांना काटे असतात. एका देठावर 5 ते 7 लहान पाने. फळ 5 ते 9 सेंटिमीटर व्यासाचे, करड्या-पांढऱ्या रंगाचे. कवच इतके टणक की दगडानेच फोडावे लागते.

व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तंजावरात भोसल्यांचे राज्य होते. मराठी घरे इथे आजही आहेत. तमिळमध्ये कवठाला विळाम्पळम म्हणतात. विनायक चतुर्थीला इथल्या बाजारात त्याचे ढीग लागतात आणि ते गणपतीपुढे ठेवतात. महाराष्ट्रात हेच फळ महाशिवरात्रीला आठवते. गूळ घालून त्याची आंबटगोड चटणी करतात. फळ एक, सण दोन.

बी ते रोप

1. पूर्ण पिकलेले फळ घ्या. गरातले बी धुऊन सावलीत सुकवा. फार दिवस ठेवू नका.
2. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून पिशव्या भरा. पिशवीला खाली भोके हवीत.
3. बी सुमारे 1 सेंटिमीटर खोल पेरा. माती ओलसर ठेवा, चिखल करू नका. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतो.
4. रोप फूटभर उंच झाले की 60 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन लावा. दोन झाडांत 8 ते 10 मीटर अंतर ठेवा.

महाराष्ट्रात लागवड जून-जुलैत करावी. तंजावरात खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, म्हणून इथे लागवड ऑक्टोबरात. पण जागा उंचावरची हवी. माझी पहिली रोपे मी भातखाचराच्या कडेला लावली होती. नोव्हेंबरात तिथे पाणी साचले आणि सगळी कुजली. दोष झाडाचा नव्हता, पाहणी न करता जागा ठरवणाऱ्याचा होता.

पहिले दोन उन्हाळे आळ्यात पाणी द्या आणि शेळ्यांपासून राखण करा. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले तर नीट बघा. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असू शकते. मोठी झाली की ती हिरवी होते. रोप लहान असेल तर अळ्या हाताने वेचा. मोठे झाड त्यांना पुरून उरते.

फळ पिकले का?

फळ 30 सेंटिमीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडा. उसळले तर कच्चे, न उसळता पडले तर तयार. काढल्यावर काही दिवस उन्हात ठेवले की गर तपकिरी आणि सुगंधी होतो.

पंधरा वर्षांचा हिशेब

बियांपासून वाढवलेल्या कवठाला फळ यायला निदान 15 वर्षे लागतात. लवकर फळ हवे असेल तर बियांच्या रोपावर चांगल्या झाडाचा डोळा भरावा. मुळांच्या छाटांपासून किंवा गुटी बांधूनही रोप करता येते.

तरी एक रोप बियांपासूनच लावा, असे मी सांगेन. सहावीत बी पेरणारा छात्र बारावी होऊन बाहेर पडेल, तेव्हा झाडाला फळ नसेल. पहिले कवठ पडेल त्या दिवशी तो पंचविशी ओलांडून कुठल्यातरी ठाण्यावर कामावर असेल. ते फळ फोडेल आज जन्मालाही न आलेला एखादा छात्र. वाट पाहायला लावणारे झाड म्हणून लोक कवठ लावत नाहीत, आणि असलेलेही काट्यांमुळे तोडतात. मग पुढच्यांसाठी कोणी लावायचे?

करून पाहा

आपल्या आवारात पावसात पाणी न साचणाऱ्या तीन जागा शोधा. नकाशावर त्यांच्या खुणा करा आणि प्रत्येक जागा का निवडली ते एका वाक्यात लिहा. पालकांनी घरी आणलेल्या कवठाचे बी टाकू नये, सुट्टीनंतर छात्राबरोबर पाठवावे.