घरखरेदीपूर्वीची इमारत तपासणी : असममित माहितीचे अर्थशास्त्र

१० फेब्रुवारी २०२२ रोजी हरियाणातील गुरुग्राम येथे एका बहुमजली निवासी संकुलात वरच्या मजल्यावरील छताचा भाग खालच्या मजल्यांवर कोसळला आणि दोन महिलांचा मृत्यू झाला. ही इमारत जुनाट नव्हती, की अनधिकृत वस्तीतील नव्हती. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने पुढे केलेल्या तपासणीत तेथील काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण जास्त असल्याचे आढळून आले. क्लोराइडमुळे काँक्रीटमधील पोलादी सळ्या आतून गंजतात. हा दोष रंग दिलेल्या भिंतीकडे पाहून कोणाही ग्राहकाच्या लक्षात येणे शक्य नव्हते.

घर ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठी खरेदी होय. असे असूनही मालकी हक्काच्या कागदपत्रांची छाननी करणारा ग्राहक इमारतीच्या प्रकृतीची तपासणी मात्र क्वचितच करून घेतो. या विसंगतीचा विचार अर्थशास्त्र, कायदा आणि लोकनीती या तिन्ही अंगांनी करणे अगत्याचे आहे.

असममित माहितीचा सिद्धान्त

व्यवहारातील एका पक्षाजवळ दुसऱ्यापेक्षा अधिक माहिती असते तेव्हा त्या स्थितीस 'असममित माहिती' असे म्हणतात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारपेठेचे उदाहरण घेऊन या प्रश्नाची मांडणी केली. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हाच सिद्धान्त घरांना लावून पाहता येईल. समजा, बाजारात निर्दोष व सदोष अशी दोन प्रकारची घरे समान संख्येने आहेत. निर्दोष घराचे मूल्य ग्राहकाच्या दृष्टीने ६० लाख रुपये असून विक्रेता ५० लाखांपेक्षा कमी किमतीस ते देण्यास तयार नाही. सदोष घराचे मूल्य ग्राहकाला ३० लाख वाटते आणि विक्रेता ते २५ लाखांनाही विकेल. दोहोंतील फरक ओळखता न आल्यास ग्राहक सरासरी मूल्य, म्हणजे ४५ लाख रुपयेच देऊ करील. या किमतीला निर्दोष घराचा मालक बाजारातून माघार घेईल व केवळ सदोष घरेच उरतील. यालाच 'प्रतिकूल निवड' म्हणतात. येथे सरासरी किमतीला सदोष घर घेणाऱ्याची फसगत होतेच. शिवाय दोन्ही पक्षांना लाभदायक ठरला असता असा निर्दोष घराचा व्यवहारही घडत नाही.

काही हजार रुपये खर्चून केलेली तपासणी ही कोंडी फोडू शकते. घर निर्दोष ठरल्यास ५० ते ६० लाखांच्या दरम्यान व्यवहार होतो. सदोष ठरल्यास किंमत कमी होते किंवा ग्राहक मागे फिरतो. तपासणीचा खर्च हा अशा प्रकारे माहितीचे मूल्य होय.

तपासणीत काय पाहिले जाते?

पहिला टप्पा प्रत्यक्ष पाहणीचा असतो. स्तंभ, तुळया व छत यांवरील भेगा, ओल, फुगलेला गिलावा, उघड्या पडलेल्या सळ्या, गच्चीचे जलरोधन, सांडपाण्याच्या नळ्या आणि पूर्वीच्या मालकाने भिंती पाडून केलेले फेरबदल यांची नोंद घेतली जाते. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळ पोलादापेक्षा कितीतरी अधिक असते. त्यामुळे सळीच्या रेषेत जाणारी भेग ही केवळ गिलाव्यातील भेगेपेक्षा गंभीर मानावी लागते.

दुसऱ्या टप्प्यात उपकरणांची मदत घेतली जाते. रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा, तर श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या वेगावरून त्याची एकसंधता अजमावतात. सळ्या गंजण्याची शक्यता विद्युत विभव मोजून ठरविली जाते. शंका उरल्यास काँक्रीटचा नमुना काढून प्रयोगशाळेत तपासतात.

भूकंपप्रवण प्रदेशात इमारतीची रचनाही पाहावी लागते. २६ जानेवारी २००१ रोजीच्या भूकंपाचा केंद्रबिंदू कच्छमध्ये असतानाही दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी कित्येकांचा तळमजला वाहनतळासाठी मोकळा ठेवलेला होता. भरावाच्या भिंती नसलेला असा मजला वरच्या मजल्यांच्या तुलनेत दुर्बल ठरतो.

कायद्याची चौकट

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला, परंतु ग्राहकाला ठाऊक नसलेला व सर्वसाधारण दक्षता घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. मात्र 'सर्वसाधारण दक्षता' या शब्दांत ग्राहकाची जबाबदारीही अभिप्रेत आहे.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ (३) नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनात्मक अथवा बांधकामाच्या दर्जाविषयीचा दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. पाच वर्षे उलटलेल्या इमारतीतील घर घेणाऱ्यास या तरतुदीचा आधार मिळत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वये तीस वर्षांहून जुन्या इमारतींची रचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. म्हणजेच पाच आणि तीस वर्षांच्या दरम्यान ग्राहकाला मुख्यतः स्वतःच्या दक्षतेवर अवलंबून राहावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. गृहकर्ज मंजूर करताना बँक मूल्यांकन करविते, ते कर्ज वसूल होईल एवढे तारण आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी. त्यास इमारतीच्या सुदृढतेचे प्रमाणपत्र समजणे चुकीचे ठरेल. भोगवटा प्रमाणपत्र आवश्यकच. पण ते दिलेल्या दिवसानंतर झालेल्या झिजेविषयी ते काहीही सांगत नाही.

तपासणी का होत नाही?

पहिले कारण इमारतीच्या स्वरूपात आहे. शहरांतील ग्राहक सदनिका घेतो. स्तंभ, पाया व गच्ची मात्र सामाईक असतात. एका ग्राहकाने खर्च करावा आणि लाभ सर्व रहिवाशांना मिळावा, अशी स्थिती असल्याने हा 'फुकट लाभार्थी' समस्येचा नमुना ठरतो. शिवाय सामाईक भागाच्या तपासणीस संस्थेची संमती लागते. दुसरे कारण हितसंबंधांचे आहे. विक्रेत्याने वा दलालाने सुचविलेल्या तज्ज्ञाकडून परखड अहवालाची अपेक्षा धरता येत नाही. तिसरे म्हणजे, दोष उघड झाल्यास किमती घसरतील या भीतीने रहिवासीही मौन पाळतात.

धोरणात्मक पर्याय

स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २००८ पासून बहुतांश घरांच्या विक्रीपूर्वी घराच्या स्थितीचा अहवाल विक्रेत्याने उपलब्ध करून देणे अनिवार्य आहे. त्यामुळे प्रत्येक इच्छुक ग्राहकाला वेगळा खर्च करावा लागत नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली सुरू झालेल्या गृहमाहिती संचात मात्र हा अहवाल ऐच्छिक ठेवण्यात आला आणि २०१० मध्ये ती योजनाच स्थगित झाली.

भारतात गृहनिर्माण संस्थेने ठरावीक काळाने सामाईक भागांची तपासणी करावी, तिचा खर्च सर्व सदस्यांत विभागावा आणि अहवाल खरेदीदारास पाहण्यास द्यावा, हा मार्ग व्यवहार्य वाटतो. सदनिकेच्या आतील भागाची पाहणी ग्राहकाने स्वतः नेमलेल्या रचना अभियंत्याकडून, शक्यतो विसार देण्यापूर्वी, करून घ्यावी. ते शक्य नसल्यास तपासणीत गंभीर दोष आढळल्यास रक्कम परत मिळेल, अशी अट करारात घालता येते.

तपासणीमुळे सदोष घर निर्दोष होत नाही. परंतु त्याची खरी किंमत व खरा धोका व्यवहारापूर्वी समोर येतो. आयुष्यभराची बचत आणि कुटुंबाची सुरक्षितता पणास लागलेली असताना ही माहिती उशिरा मिळणे परवडणारे नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'प्रतिकूल निवड' ही संकल्पना गृहबाजारपेठेच्या संदर्भात सोदाहरण स्पष्ट करा.

२. २०१६ च्या अधिनियमातील दोष-दायित्वाची तरतूद व तिची मर्यादा सांगा.

३. सामाईक भागांच्या तपासणीचा खर्च कोणी उचलावा? सकारण चर्चा करा.