कंपाउंडचा रिलीज घेताना: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

मे 2023 मध्ये बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला 149-148 असं हरवलं. आपल्याच जिल्ह्यातला मुलगा. तेव्हा रोहिणखेडच्या एखाद्या घरात पोराने किंवा पोरीने कंपाउंड धनुष्य मागितलं तर नवल नाही. धनुष्याची किंमत सगळे विचारतात. रिलीजची, म्हणजे दोरी धरून सोडायच्या हातातल्या साधनाची, चौकशी मात्र मागे पडते आणि तिथेच पैसे वाया जातात.

आधी शाळेत किंवा क्लबात कोणता प्रकार चालतो ते विचारा. इंडियन राऊंड आणि रिकर्व्हला रिलीज चालतच नाही, तिथे बोटांनीच दोरी सोडतात. कंपाउंडला मात्र तो लागतोच.

मनगटाला पट्ट्याने बांधायचा, तर्जनीने चाप ओढायचा रिलीज साधारण दोन ते चार हजारांत येतो. मुठीत धरून अंगठ्याने सोडायचा साधा रिलीज पाच ते नऊ हजारांना पडतो. स्टॅन, कार्टर अशा अमेरिकी कंपन्यांचे वरचे नग आयात खर्च धरून वीस-तीस हजारांच्या घरात जातात. आकडे ढोबळ आहेत. दुकानागणिक फरक पडतो.

माझं मत स्पष्ट आहे: मूल 50 मीटरच्या स्पर्धेत उतरणार असेल, तर थेट अंगठ्याचाच मधल्या किमतीचा रिलीज घ्या. मनगटाचा स्वस्त पडतो खरा, पण पुढे मुठीतला घेतला की हनुवटीशी हात टेकण्याची जागा बदलते. मग ओढीची लांबी आणि पीप (दोरीतलं नेम धरायचं छिद्र) पुन्हा जुळवावे लागतात, काही धनुष्यांत ओढीची लांबी ठरवणारं मॉड्यूलही बदलावं लागतं. हा खर्च बिलात आधी दिसत नाही. घेण्यापूर्वी प्रशिक्षकाचा किंवा मोठ्या मुलांचा रिलीज हातात धरून बघा. तीन बोटांचा की चार बोटांचा, लहान की मोठा, हे पंजाच ठरवतो.

चाप नसलेला, हात फिरवून सुटणारा हिंज रिलीज नवशिक्याला देऊ नका. ओढता ओढताच सुटला तर मूठ थेट जबड्यावर बसते. चापाच्या रिलीजमध्येही पूर्ण ओढ होईपर्यंत बोट किंवा अंगठा चापामागेच हवा. चाप खटकन दाबू नये. पाठीचे स्नायू आवळत जावं, म्हणजे बाण आपसूक सुटतो. ही सवय फुकट लागते: ओढीच्या लांबीएवढ्या दोरीचा फास करून घरीच सराव करायचा, मग तीन-चार मीटरवरून, लक्ष्याचा कागद न लावलेल्या कोऱ्या गादीवर.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे डी-लूप, रिलीज अडकवायचा दोरीवरचा धाग्याचा फास. झिजलेला लूप पूर्ण ओढीत तुटला तर तोंडावर मार बसतो आणि धनुष्यही मोडू शकतं. धागे निघालेले दिसले की त्याच दिवशी बदला. रिलीजमध्ये धूळ बसते, ती ब्रशने झाडा. तेल थेंबभरच, जास्त झालं तर धूळ चिकटते.

बजेट ताणलं जात असेल, तर महागडा रिलीज पुढे ढकला, पण लूपचा धागा आणि चांगला प्रशिक्षक यांत काटकसर करू नका.